धाराशिवच्या बायकांचं देणं बाकी आहे

धाराशिव आणि बीड हे शेजारी जिल्हे. मांजरा दोघांची, दुष्काळ दोघांचा, आणि दसरा सरला की ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्याही दोघांच्या. यातल्या एका जिल्ह्यातल्या बायकांवर झालेल्या अभ्यासानं २००९ साली जगाला दाखवून दिलं की गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू एका तपासणीनं जवळपास निम्म्यावर आणता येतात. त्यानंतर दहा वर्षांनी शेजारच्या बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली निघाली. दर सहा जणींत एक. आणि यांतल्या कितीतरी जणींना डॉक्टरनं सांगितलेलं कारण एकच होतं: पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.

हे दोन्ही आकडे मी बरीच वर्षं शेजारीशेजारी ठेवून बघतो आहे. कॅन्सर कसा ओळखायचा आणि कसा रोखायचा याचं जगातलं उत्तम ज्ञान जिथे तयार झालं, तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावर त्याच कॅन्सरची भीती घालून तिशीतल्या बायकांच्या पोटावर सुरी चालली. ज्ञान बायकांकडून गेलं, जगभर फिरलं, पण त्यांच्या उंबऱ्याशी परतलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते परत आणून देणं ही सरकारची किंवा संशोधन संस्थांची कृपा नव्हे. ते कर्ज आहे, आणि ते थकलेलं आहे.

आधी तो अभ्यास नीट समजून घेऊ, कारण त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९च्या शेवटी तो सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा. बार्शी त्यात असणं हा योगायोग नव्हता. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली होती. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांनी खेड्यापाड्यांतून कॅन्सरची एकेक केस शोधून लिहून ठेवण्याचं चिवट काम तिथे उभं केलं होतं. त्या नोंदींतून दिसत होतं की या भागातल्या बायकांना सर्वांत जास्त होणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा आहे, आणि त्या दवाखान्यात पोचतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी बघण्याची व्हीआयए तपासणी. चौथ्या गटात काही नाही. तिथे नेहमीची जी आरोग्यसेवा उपलब्ध आहे तीच. याला नियंत्रण गट म्हणतात. तुलनेसाठी तो लागतोच, कारण त्याच्याशिवाय तपासणीमुळे फरक पडला की नुसता काळ गेल्यामुळे, हे सांगता येत नाही. एकेका बाईची तपासणी एकदाच झाली. मग आठ वर्षं वाट बघून मोजदाद केली.

निकाल एप्रिल २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. नियंत्रण गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ११८ जणींना हा कॅन्सर झाला. त्यांतल्या ८२ जणींचा पुढच्या टप्प्यात गेलेला होता, आणि ६४ जणी मेल्या. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी १२७ जणींमध्ये कॅन्सर सापडला, पण पुढे गेलेला फक्त ३९ जणींमध्ये. मृत्यू ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. म्हणजे पॅप चाचणीच्या जोरावर श्रीमंत देशांनी अर्ध्या शतकात जे साधलं, त्याचा बराचसा भाग इथल्या परिस्थितीत एचपीव्हीच्या एकाच तपासणीनं साधला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, तेव्हा ज्या पुराव्यांवर ती उभी होती त्यांत मराठवाड्यातल्या या बायका आहेत. केनियात किंवा पेरूमध्ये आज एखाद्या बाईची ही तपासणी होते, तेव्हा तिच्यामागे भूम-परंड्याकडच्या कुणा बाईनं दिलेला पुरावा असतो. दोघींनाही हे माहीत नसतं.

आता त्या चौथ्या गटाकडे येतो. यावर पुढे मोठा वाद झाला. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं याच काळात व्हीआयएचा आणखी मोठा अभ्यास केला होता, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशानं. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तिसरा झाला. या तिन्ही अभ्यासांत मिळून तपासणी न मिळालेल्या गटांत अडीचशेहून जास्त बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं मेल्या. एका अमेरिकन डॉक्टरनं तक्रार केली. मुंबईच्या अभ्यासात बायकांकडून घेतलेल्या संमतीत त्यांना पुरेशी माहिती दिली नव्हती, असं माणसांवरच्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्याच कार्यालयानं ठरवलं. मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं.

संशोधकांचं उत्तर असं होतं: आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही. या बायकांना आधीही तपासणी मिळत नव्हती. भारतात सरकारी पातळीवर असा कार्यक्रमच नव्हता. ‘प्रचलित उपचार’ शून्य होते, म्हणून नियंत्रण गटाला शून्य मिळालं. पॅप चाचणी भारतभर नेणं शक्य नव्हतं, आणि स्वस्त चाचणीनं खरोखर जीव वाचतात हे सिद्ध केल्याशिवाय कुठलंही सरकार त्यावर पैसा घालणार नव्हतं.

हे उत्तर खोटं नाही. ज्यांनी ते दिलं ती माणसंही निष्ठुर नव्हती. बार्शीसारख्या ठिकाणी आयुष्य घालवणाऱ्या डॉक्टरांवर हृदयशून्यतेचा आरोप करणं मला जमणार नाही, आणि तो खराही नाही. पण उत्तराच्या आत काय दडलं आहे ते बघा. प्रचलित उपचार शून्य होते, म्हणूनच हा अभ्यास इथे करता आला. ऑस्लोत किंवा पुण्यातल्या कोथरूडमध्ये तो करता आला नसता, कारण तिथल्या बायकांना आधीच काहीतरी मिळत होतं. म्हणजे विषमता ही या प्रयोगाची नुसती पार्श्वभूमी नव्हती, ते त्याचं उपकरण होतं. प्रयोगशाळेत जसा सूक्ष्मदर्शक, तसा इथे अभाव. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या बायका मोजमापासाठी सोयीच्या होत्या.

मग अभ्यास करायलाच नको होता का? मला असं वाटत नाही, आणि हे मी बराच विचार करून म्हणतो. त्या आकड्यांशिवाय आज एचपीव्ही तपासणीची मागणीही करता आली नसती. व्हीआयएबद्दल दिंडिगुल आणि मुंबईत एक निकाल आला, उस्मानाबादेत दुसरा. हे तीन ठिकाणी मोजल्याशिवाय कळलंच नसतं. पण कुणाच्या अभावाचं उपकरण वापरून ज्ञान मिळवलं, तर त्या उपकरणाचं भाडं द्यावं लागतं. ते भाडं म्हणजे जे सिद्ध झालं ते आधी त्याच माणसांना देणं. मुंबईच्या अभ्यासात नियंत्रण गटातल्या बायकांनाही नंतर तपासणी द्यायची असं संशोधकांनी ठरवलं होतं, ते योग्यच. पण नियंत्रण गट हा १९९९मधल्या यादीपुरता नसतो. त्या यादीतल्या बाईची मुलगी, सून, नात त्याच गावात तशाच अभावात राहत असेल, तर नियंत्रण गट चालूच आहे. फक्त आता त्याची कुणी नोंद ठेवत नाही.

याच महाराष्ट्रात, कुणालाही उपचारांविना न ठेवता संशोधन झाल्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमालीचे खाली आणले. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, किती उपयोगी आहे हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी तपासायचं ठरवलं, तेव्हा दोन गट केले. एकाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला नुसतं प्राझोसिन. म्हणजे तुलनेच्या गटालाही तोवर ज्ञात असलेलं सर्वांत चांगलं औषध मिळालं. २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं हे काम छापलं. प्रतिविष मिळालेले रुग्ण कितीतरी लवकर बरे झाले, आणि नियंत्रण गटातही कुणाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. ते जमलं, कारण ते औषध त्या भागात आधीच पोचवण्याचं काम याच डॉक्टरांनी केलं होतं. जिथे आधी सेवा उभी राहते, तिथे ‘प्रचलित उपचार’ शून्य राहत नाहीत.

आता बीड.

माझी धाकटी मावशी केज तालुक्यातली. एकतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. तिला अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सरवर जाईल, मुलं झालीच आहेत, काढून टाका. बिलाचे पैसे मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन भरले. पुढचे दोन हंगाम ती उचल फेडण्यात गेले. गर्भाशयमुखाची कुठलीही तपासणी तिची त्याआधी झाली नव्हती, ना पॅप, ना एचपीव्ही. काढलेली पिशवी कुठे तपासायला पाठवली का, हे तिला आजही ठाऊक नाही. चाळिशीच्या आतच तिचे सांधे धरले, कंबर गेली. ती म्हणते, “एक भीती गेली बघ, पण अंगातला जोरच गेला.” मला तिच्या या वाक्यातली भीती फार छळते. ती भीती तिला कुणीतरी दिली होती, आणि तिची किंमत तिच्याकडूनच वसूल केली होती.

त्या भीतीला उत्तर कुठे आहे? धाराशिवच्या त्या नियंत्रण गटात. तीस ते एकोणसाठ वयाच्या ३१,४८८ बायका, कसलीही तपासणी नाही, आठ वर्षं. त्यांत कॅन्सर झाला ११८ जणींना. हजारात चारजणींनाही नाही. यांतली प्रत्येक बाई मोलाची आहे, म्हणून तर तपासणी हवी. पण पांढरं जाणाऱ्या प्रत्येक बाईला ‘कॅन्सर होणारच’ असं सांगणं धडधडीत असत्य आहे, आणि ते असत्य ठरवणारा पुरावा शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी पदरचं घालून दिला होता. बीडच्या एका तरी दवाखान्याच्या भिंतीवर तो मराठीत लावलेला असता तर? मावशीला जगातल्या मासिकात काय छापून आलं हे कळण्याची गरज नव्हती. ‘हजारात चार, आणि त्या चार कोण हे आधी कळू शकतं’ एवढं एक वाक्य पुरलं असतं.

पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीत अति जाणं, याचीही गोष्ट नवी नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार आहे, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. यातले बरेच आजार जंतुसंसर्गाचे, म्हणजे गोळ्यांनी बरे होणारे. त्या अभ्यासानं जगभर खळबळ माजवली, कारण तोवर गरीब बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जात होतं. पण उपकेंद्रात जाऊन ‘अंगावरून जातंय’ म्हणावं आणि नर्सबाईंनी तपासून औषध द्यावं, ही साधी सोय तीस वर्षांनंतरही ऊसतोड बाईच्या वाट्याला आली नव्हती. पाण्याशिवाय, आडोशाशिवाय, उसाच्या फडात पाच-सहा महिने. पाळीच्या दिवशी काम बुडालं तर मुकादम खाडा कापणार. अशा वेळी पिशवी काढणं हे बाईलाच सुटकेचं वाटावं, इतकी तिची कोंडी झालेली. एका बाजूला डॉक्टरची भीती, दुसऱ्या बाजूला मुकादमाचा हिशेब, आणि मध्ये सरकारी दवाखान्याची रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेबद्दल बोलायला हवं. २०१९मध्ये बातम्यांनी रान उठल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. हे चांगलं झालं. पण परवानगीनं एक दार बंद होतं, दुसरं उघडत नाही. बाईचं दुखणं तिथेच राहतं. तिला ‘काढू नका’ म्हणणारा कायदा मिळाला, ‘ये, बघते’ म्हणणारी बाई मिळाली नाही.

कागदावर तपासणी आहे. केंद्र सरकारनं २०१६मध्ये आराखडा काढला: तीस वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर. आणि प्रत्यक्षात? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या १.९ टक्के. शंभरात दोन. देशात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास मरतात. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढी मुदत देणारा दुसरा कॅन्सर क्वचितच असेल. दहा वर्षं वाट बघणाऱ्या आजारालाही आपल्याला गाठता येत नाही.

याचं ठरीव उत्तर असतं: बायका येत नाहीत. लाजतात, टाळतात, अडाणी आहेत. आरोग्य खात्यातल्या बैठकांपासून वर्तमानपत्रांतल्या मुलाखतींपर्यंत सगळीकडे हे वाक्य ऐकू येतं. धाराशिवच्या अभ्यासानं याचाही निकाल लावून ठेवला आहे. एचपीव्ही गटात बोलावलेल्या बायकांपैकी पाचांतल्या जवळपास चारजणी आल्या. त्याच समाजातल्या, त्याच लाजेच्या, तितक्याच शिकलेल्या. फरक होता तो एवढाच की कुणीतरी दारात गेलं, नाव घेऊन बोलावलं, बाई तपासणारी होती, आणि काही निघालं तर पुढे उपचार होणार याची खात्री होती. बायका येतात. आपण बोलावत नाही.

व्हीआयएबाबत मी थोडा सावध आहे. ती स्वस्त आहे, लगेच निकाल देते, आणि मुंबईत नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ती करून बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी खाली आणले. त्या काही डॉक्टर नव्हत्या, वस्तीतल्याच शिकलेल्या बायका होत्या. पण त्या तपासणीचा सगळा भार बघणाऱ्याच्या डोळ्यावर, दिव्याच्या उजेडावर आणि सततच्या देखरेखीवर. मोठ्या संस्थेचा हात पाठीवर असताना जे जमतं, ते एका नर्सबाईच्या अंगावर लसीकरण, गरोदर माता, मधुमेह, रक्तदाब आणि मोबाईलवर भरायची माहिती असताना जमेलच असं नाही. त्यात तपासणीचं टेबल नाही, पडदा नाही, बल्ब गेलेला. धाराशिवमध्ये व्हीआयए कमी पडली आणि एचपीव्ही टिकली, यात मोठी शिकवण आहे: जिथे व्यवस्था दुबळी, तिथे माणसाच्या डोळ्यावर कमी विसंबणारी चाचणी निवडावी. दुबळ्या जागी स्वस्तातली चाचणी आणि सक्षम जागी चांगली, ही आपली रीत नेमकी उलटी आहे.

आणि आज एचपीव्ही चाचणी १९९९सारखी दूरची गोष्ट राहिलेली नाही. गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत पोचलेली आहेत. त्याच यंत्रावर वेगळी चिप घालून एचपीव्ही तपासता येतो. पुण्याच्या मायलॅबनंही चाचणी तयार केली आहे. नमुना बाईला स्वतःला घेता येतो, छोट्या ब्रशनं, आडोशाला, कुणासमोर कपडे न काढता. ज्या बाईनं आयुष्यभर लाज राखायला सांगितलेलं ऐकलं, तिच्यासाठी ही सोय क्रांतीपेक्षा कमी नाही. आणि निकाल नकारात्मक आला तर पुढची पाच-दहा वर्षं तिला चिंता नाही. कुणी तिला ‘पिशवी कॅन्सरवर जाईल’ म्हणालं, तर तिच्या हातात कागद असेल. मावशीच्या हातात तो हवा होता.

लसीबद्दल कुणी विचारेल. पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लस केली, तिला २०२२मध्ये मान्यता मिळाली, आणि मुलींना ती मिळायलाच हवी. पण लस मुलींसाठी आहे. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बाईला लसीचा फारसा उपयोग नाही, तिला तपासणीच लागते. पुढच्या पिढीचं भलं होणार म्हणून या पिढीच्या बायका सोडून द्यायच्या, हे पुन्हा त्याच नियंत्रण गटाचं तर्कशास्त्र झालं.

ज्ञान परत येऊ शकतं, याचाही पुरावा आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हा त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटलेले होते. २०११मध्ये तीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. बारा वर्षं लागली, पण वाट सापडली. कारण तिथे संशोधक निकाल छापून निघून गेले नाहीत, आणि ज्ञान वाहून नेणारं माणूस गावातच होतं. एचपीव्हीच्या निकालाला २००९पासून तसं कुणी मिळालेलं नाही. आशाताई तिथेच आहेत. त्यांच्या पिशवीत आणखी एक ब्रश जाणं शक्य आहे, आणि त्यासाठी त्यांना वेगळं, वेळेवर मिळणारं मानधन देणंही शक्य आहे. हे दुसरं मी मुद्दाम म्हणतो, कारण गरिबांसाठीची प्रत्येक योजना दुसऱ्या गरीब बाईच्या फुकट कष्टावर उभी करायची आपल्याला सवय लागली आहे.

यापुढे महाराष्ट्रात गरीब वस्तीत मोठा अभ्यास होणार असेल, तर नैतिक समितीनं मान्यता देतानाच एक प्रश्न लेखी विचारावा: हे यशस्वी ठरलं तर या तालुक्यातल्या बायकांना ते कधीपासून, कुणाच्या पैशानं, कोणत्या दवाखान्यात मिळेल? उत्तर नसेल तर मान्यता नसावी. आज संमतीपत्रात बाईला सांगतात की तुम्ही कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता. त्यात हेही असावं की अभ्यास तुमच्यातून कधी बाहेर पडणार, आणि जाताना काय ठेवून जाणार.

जुन्या कर्जाची सुरुवात मात्र धाराशिव आणि बीडपासूनच व्हायला हवी, आणि तीही हंगामाचं कॅलेंडर बघून. जानेवारीत गावात शिबिर घेतलं तर ज्यांच्यासाठी घ्यायचं त्या बायका कारखान्याच्या फडात असतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. त्यांच्या घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं तेवढी उरतात. म्हणून नमुने श्रावण-भाद्रपदात घ्यायचे, निकाल नवरात्राच्या आत हातात द्यायचा, आणि ज्या थोड्या जणींना उपचार लागतील त्यांचे उपचार टोळी निघायच्या आत तालुक्यालाच करायचे. ज्या सुटतील त्यांचं नाव, गाव आणि कारखाना लिहून ठेवायचा, म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राला त्या सापडतील. नावानिशी बायका शोधून लिहून ठेवणं बार्शीला १९८७ साली जमलं होतं, कागदावर, मोबाईल नसताना.